ह्यूस्टन: शाकाहारी आई-बाबांना चांगल्या मेक्सिकन रेस्टॉरंटात न्यायचंय, कुठे जावं आणि काय मागवावं?

केटीकर

नमस्कार मंडळी. आई-बाबा नाशिकहून आलेत. पुढच्या महिन्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील, तेव्हा त्या दिवशी जरा थाटात बाहेर जेवायचा बेत आहे. दोघांना तिखट आवडतं, मका आवडतो, आणि नेहमीच्या इंडियन बुफेचा आता कंटाळा आलाय. म्हणून मेक्सिकन ठरवलं. पण पिवळ्या चीजमध्ये बुडालेलं टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासच्या वळणाचं मेक्सिकन, नको आणि साखळीतलं हॉटेल तर नकोच. इथल्याच मालकाचं, नीट रांधणारं ठिकाण हवंय.

माणसं सहा. आई-बाबा शाकाहारी, अंडंही खात नाहीत, कांदा-लसूण चालतं. बाकीचे सगळं खातात.

ठिकाण कुठलं घ्यावं? मेनूवर "व्हेजिटेरियन" लिहिलेलं खरंच शाकाहारी असतं का? टेस्टिंग मेनू (शेफने ठरवलेल्या छोट्या पदार्थांची ठरावीक मालिका) घ्यावा की सुटं मागवावं? आणि सहा जणांचं बिल आणि टिप यांचं काय गणित असतं?

चुलाणा

ठिकाणापासून सुरुवात करतो. थाटातलं आणि इथल्याच मालकाचं म्हटलं की ह्यूस्टनमध्ये ह्यूगो ओर्तेगा आणि ट्रेसी वॉट या जोडप्याचं नाव आधी घ्यावं लागतं. ट्रेसी वॉट यांनी 1983 साली बॅकस्ट्रीट कॅफे काढला. ओर्तेगा तिथे भांडी घासायच्या कामावर लागले, पुढे स्वयंपाकघरात गेले, शेफ झाले. 2002 मध्ये वेस्टहायमर रस्त्यावर त्यांचं ह्यूगोज सुरू झालं आणि 2017 मध्ये डाउनटाउनला सोची. त्याच वर्षी ओर्तेगांना नैऋत्य विभागाच्या सर्वोत्तम शेफचा जेम्स बिअर्ड पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या शेफ मंडळींचा मानाचा पुरस्कार, मिळाला.

तुमच्यासाठी मी सोची निवडेन. ह्यूगोजमध्ये मेक्सिकोच्या निरनिराळ्या प्रांतांचं जेवण आहे, सोचीचा भर वाहाका प्रांतावर आहे. वाहाकाच्या जेवणात मक्याचे छोटे पदार्थ, घेवडे, भाज्या आणि मोले (वाटलेल्या मिरच्या-मसाल्यांचे दाट रस्से) यांना मानाची जागा असल्यामुळे शाकाहारी माणसाला कोशिंबिरीवर भागवावं लागत नाही. शिवाय तिथे चॉकलेटही आतच तयार करतात, त्यामुळे शेवट गोड होतो.

ह्यूगोजचा रविवारचा बुफे ब्रंच फार प्रसिद्ध आहे, लोक तुम्हाला तोच सुचवतील. तुम्ही मात्र तो टाळा. बुफेत कुठला डाव कुठल्या भांड्यात गेला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि भातात कुठला रस्सा आहे हे सांगायला शेजारी कुणी उभं नसतं. रात्री किंवा दुपारी टेबलावर मागवूनच जेवा.

सोची मॅरियट मार्क्विस हॉटेलच्या इमारतीत आहे. डिस्कव्हरी ग्रीन हे उद्यान समोरच, बास्केटबॉलचं टोयोटा सेंटर आणि बेसबॉलचं स्टेडियम दोन्ही जवळ. सामना असला की आसपासच्या पार्किंगचे दर चढतात आणि गाडी लावण्यातच अर्धा तास जातो. तारीख पक्की करायच्या आधी दोन्ही ठिकाणांचं वेळापत्रक बघून घ्या. सामना टाळता येत नसेल तर संध्याकाळी साडेपाचचं टेबल घ्या. ज्येष्ठांना ती वेळ सोयीची असते, आवाज कमी असतो, आणि तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला वाढणाऱ्याला सवड असते.

ऑनलाइन बुकिंग करताना "विशेष सूचना" या रकान्यात लिहाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. दुपारी दोन ते चारच्या मधे फोन करून मॅनेजरशी बोला. दुपारची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची तयारी चाललेली असते, आणि मॅनेजर आत जाऊन शेफला विचारून येऊ शकतो. "आम्ही व्हेजिटेरियन आहोत" एवढं सांगून भागत नाही. वस्तूंची नावं घ्या: "नो लार्ड, नो चिकन स्टॉक, नो फिश, नो एग." आणि प्रश्नही मोजकाच विचारा, की या चार गोष्टींशिवाय आज कोणकोणते पदार्थ मिळतील. "अमुक पदार्थ व्हेज आहे का?" असं विचारलं की घाईत "हो" मिळतं. पदार्थांची नावं त्यांनाच सांगायला लावली की त्यांना आत जाऊन बघावं लागतं.

निवडुंग

चुलाणा यांनी लार्डचा उल्लेख केला ते बरं झालं. शाकाहारी माणसाची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लार्ड म्हणजे डुकराची चरबी, स्पॅनिशमध्ये मान्तेका. ही मेक्सिकन स्वयंपाकात तुपाच्या जागी असते. मांसाचा तुकडा नसलेल्या पदार्थातही ती असू शकते आणि परंपरेने असतेच. घोटलेले घेवडे (रेफ्रितोस) पारंपरिक पद्धतीने मान्तेकातच परततात. चारो घेवड्यांत तर बेकन असतं. त्यातल्या त्यात मडक्यात शिजवलेले साधे घेवडे, फ्रिहोलेस दे ला ओया, हे बरे. त्यात बहुधा पाणी, मीठ, कांदा आणि एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला एवढंच असतं. पण तिथेही विचारायचं.

तमाले म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ. त्याचं पीठ चरबी घालून फेटलेलं असतं. एक किलो पिठाला 300 ग्रॅमच्या आसपास चरबी सहज जाते, त्याशिवाय ते हलकं होत नाही. आतलं सारण नुसतं मिरची-चीजचं असलं तरी बाहेरच्या पिठात ती आहेच. आणि तमाले आधीच वाफवून ठेवलेले असतात, त्यामुळे "चरबी न घालता द्या" ही विनंती करून काही उपयोग नाही. तेलात किंवा लोण्यात केलेले वेगळे असतील तरच घ्या.

वाहाकाच्या मेनूवर त्लायुदा आणि मेमेला दिसतील, दोन्ही टॉर्टियाचे, म्हणजे मेक्सिकन भाकरीचे, प्रकार. या दोन्हींवर मुळात असिएन्तो फासतात. डुकराची कातडी तळताना कढईच्या तळाशी जो तपकिरी गाळ उरतो तो म्हणजे असिएन्तो. हे वरून लावायचं असल्यामुळे "नो असिएन्तो" म्हटलं की वगळता येतं. पण तुम्ही म्हटलं नाहीत तर ते आपणहून सांगतीलच असं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते मांस नाहीच.

तांबडा भात टोमॅटो आणि बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्श्यात शिजतो. हिरवा भातही तसाच. टॉर्टिया सूपचा पायाच कोंबडीचा रस्सा. गव्हाच्या टॉर्टियात लार्ड असू शकतं, मक्याच्या टॉर्टियात मात्र मका, चुना आणि पाणी एवढंच. म्हणून टॉर्टिया मक्याचीच मागवायची. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँचोव्ही मासा आणि अंडं दोन्ही असतं. (हे सॅलड जन्मलं मेक्सिकोतल्या तिहुआनात, त्यामुळे मेक्सिकन मेनूवर ते हटकून असतं.)

अंड्याचं म्हणाल तर चिले रेयेनो हा सगळ्यात फसवा पदार्थ. मोठी पोब्लानो मिरची भाजून, साल काढून, चीज भरून तळलेली. वर्णन ऐकून कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटेल, पण बाहेरचं ते फुललेलं सोनेरी आवरण फेटलेल्या अंड्याचं असतं. काही ठिकाणी आवरणाशिवाय, नुसती भाजून भरलेली मिरची मिळते, तशी मिळते का विचारा. कणसाच्या दाण्यांचे एस्कितेस आणि अख्खं एलोते यांना मेयोनेज लावतात, म्हणजे पुन्हा अंडं. मेयोऐवजी क्रेमा, म्हणजे आंबटसर साय, लावायला सांगायचं, चवीत काही उणं पडत नाही. फ्लान (कॅरामल कस्टर्ड) आणि त्रेस लेचेस (दुधात भिजवलेला) केक दोन्हीत अंडी. गोडात आर्रोस कोन लेचे म्हणजे दालचिनीची तांदळाची खीर, आणि फळांचं निएवे म्हणजे बर्फाळ सरबतासारखं आइसक्रीम, हे सहसा बिनअंड्याचं असतं. चुरो या तळलेल्या गोड कांड्यांच्या पिठात काही जण अंडं घालतात, काही घालत नाहीत. तिथे विचारावंच लागेल, शिवाय तळणीचं तेल वेगळं आहे का हेही. ज्या तेलात मासे तळले त्यातच चिप्स आणि चुरो तळले जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आता घ्यायचं काय ते. भोपळ्याची फुलं आणि केसिओ, म्हणजे वाहाकाचं धाग्यांचं चीज, घातलेली केसादिया (सारण भरून दुमडलेली टॉर्टिया). वित्लाकोचे असेल तर ते: कणसावर वाढणारी काळी बुरशी, चव मातीसारखी खोल, मशरूमच्या जवळची. दिसायला काळंकुट्ट असतं, पण आई-बाबांना आवडेल असा माझा अंदाज आहे. नोपालेस म्हणजे निवडुंगाची पानं. नीट भाजलेली असली तर आंबटसर आणि करकरीत, नुसती उकडली तर बुळबुळीत, म्हणून भाजलेलीच मागवा. तेतेला हा मक्याच्या पिठाचा त्रिकोण, आत घेवड्याचं वाटण. तो तव्यावर भाजतात, त्यामुळे घेवडे तेलात परतलेले असतील तर प्रश्न मिटला. पालेभाजीत वेर्दोलागास लिहिलेलं दिसलं तर ती आपली घोळ आहे, बाबा लगेच ओळखतील.

एक बारीक गोष्ट: जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाटवणारं द्रव्य) वापरतात. घरी तुम्ही हे पाळत असाल तर फोनवर विचारून घ्या. पाळत नसाल तर उगाच प्रश्नांची यादी वाढवू नका.

केटीकर

दोघांचेही मनापासून आभार. घेवड्यात आणि भातात हे सगळं असेल असं वाटलंच नव्हतं.

एक महत्त्वाचं राहिलं. सहा जणांत सात वर्षांची भाची आहे, तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. एपिपेन (ॲलर्जीचा झटका आला तर तातडीने द्यायचं इंजेक्शन) बरोबर असतं. वाहाका म्हणजे मोले, आणि मोलेत दाणे असतात असं ऐकलंय. मग हा बेतच रद्द करावा का?

पाटावरवंटा

बेत रद्द करायची गरज नाही, पण फोनवरची पहिली गोष्ट आता हीच. शाकाहार नंतर.

मोलेचं आधी समजून घ्या. वाहाकाचे सात मोले सांगतात: नेग्रो, रोहो, कोलोरादितो, आमारियो, वेर्दे, चिचिलो आणि मांचामांतेलेस. हे सगळे एकसारखे धोक्याचे नाहीत. काळा मोले नेग्रो हा सगळ्यात गुंतागुंतीचा. वाळलेल्या मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, त्यांच्या बिया आणि टॉर्टिया जवळजवळ जाळायच्या, मग तीळ, दाणे, बदाम किंवा पेकान, बेदाणे, केळं, पाव, लवंग, दालचिनी, आणि शेवटी थोडं चॉकलेट. चॉकलेटचा बोलबाला असला तरी ते एकूण वाटणात अगदी थोडं असतं, फक्त कडवटपणाला गोलाई देण्यापुरतं. रोहो, कोलोरादितो आणि पुएब्लाचा मोले पोब्लानो यांतही तीळ आणि दाणे-बदाम येतात, दाटपणासाठी गव्हाचा पावही येतो.

याउलट आमारियो आणि वेर्दे हे दोन साधारणपणे मक्याच्या पिठाने दाट करतात. आमारियोत ग्वाहियोसारख्या मिरच्या, टोमॅटो, ओहा सांता हे मोठं सुगंधी पान. वेर्देत हिरव्या पाल्यांचं वाटण. परंपरेने यांत दाणे लागत नाहीत. पण प्रत्येक शेफचा हात वेगळा, म्हणून "परंपरेने नसतात" याच्या भरवशावर मुलीला देऊ नका. शेफकडून पक्कं करून घ्या. आणि आई-बाबांसाठी यातली मेख दुसरीच आहे: कुठलाही मोले शेवटी रश्श्यात सैल करतात आणि तो रस्सा बहुधा कोंबडीचा असतो. चिचिलोला तर बीफचा. म्हणून मुलीसाठी "यात शेंगदाणे आहेत का, आणि ते त्याच वरवंट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटले का?" आणि आई-बाबांसाठी "रस्सा कशाचा, परतायला चरबी कुठली?" असे दोन निरनिराळे प्रश्न विचारा. दोन्ही एकात मिसळले की उत्तरही गोंधळलेलं मिळतं.

"दाणे काढून द्या" असं मात्र कधीच म्हणू नका. मोलेचं वाटण दोन-तीन दिवस आधी मोठ्या पातेल्यात होतं. त्यातून काही काढता येत नाही, फक्त तो पदार्थ वगळता येतो.

शेंगदाणे आणखी कुठे लपतात ते सांगते. साल्सा माचा, म्हणजे तेलात तळलेल्या लाल मिरच्यांची भरड चटणी, हिच्यात शेंगदाणे आणि तीळ असणं अगदी नेहमीचं. ती वाटीत टेबलावर येते आणि दिसायला साध्या तिखट तेलासारखी असते, म्हणून ती टेबलावर आणूच नका असं सांगा. मेक्सिकन मासापान शेंगदाण्याचा असतो, तो गोडाच्या पदार्थांवर चुरून घालतात. पिपियान या दाट रश्श्यात मुख्यतः भोपळ्याच्या बिया असतात, पण काही जण त्यात दाणेही ढकलतात. ओर्चाता मुळात तांदळाचं पेय, काही ठिकाणी त्यात बदाम घालतात. बदाम चालत असतील तर प्रश्न नाही, पण भाचीच्या डॉक्टरांनी झाडावरच्या सुक्यामेव्याबद्दल काय सांगितलंय ते लक्षात ठेवा.

अमेरिकेत पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाण्याचा उल्लेख कायद्याने लागतो, 2023 पासून तिळाचाही. रेस्टॉरंटच्या मेनूवर तसं लिहिण्याची सक्ती मात्र केंद्रीय कायद्यात नाही. म्हणून मेनूवर काही लिहिलेलं नाही याचा अर्थ दाणे नाहीत असा घेऊ नका.

भाचीसाठी मी असं करेन: मक्याच्या कोऱ्या टॉर्टिया, ताजं ग्वाकामोले (ॲव्होकाडोची चटणी), ग्रिलवरचं चिकन किंवा मासा नुसत्या मीठ-लिंबावर, आणि मडक्यातले घेवडे. तवा स्वच्छ पुसून किंवा वेगळ्या पॅनवर करायला सांगायचं. एक पदार्थ कमी झाला तरी चालेल. टेबलावर बाकीच्यांनी मोले मागवला तर तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि त्याचा चमचा दुसऱ्या कुठल्या ताटलीत जाणार नाही हे एकाने बघा. माझं स्पष्ट मत: दाणे घातलेला मोले त्या दिवशी कुणीच घेऊ नये. सात वर्षांचं मूल टेबलावर हात फिरवतंच. फोनवर "दाण्याची खात्री देता येणार नाही" असं उत्तर आलं तर ते प्रामाणिक उत्तर आहे, वाद न घालता दुसरं ठिकाण बघा. न विचारता "नो प्रॉब्लेम" म्हणणाऱ्यापेक्षा ते रेस्टॉरंट जास्त विश्वासाचं, पण तुमच्या त्या दिवसाच्या कामाचं नाही.

चुलाणा

टेस्टिंग मेनूबद्दल राहिलं होतं. ह्यूस्टनमध्ये ततेमो हे मक्यावरच उभं असलेलं छोटं रेस्टॉरंट आहे, 2024 मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेची टेक्सासची पहिली यादी आली तेव्हा त्याला एक तारा मिळाला. मक्याची आवड असलेल्या जोडप्याने तिथे जरूर जावं. पण तुमच्यासारख्या मंडळींसाठी टेस्टिंग मेनू नको. सगळ्यांना तेच पदार्थ त्याच क्रमाने येतात, बदल हवा तर दोन-तीन दिवस आधी कळवावं लागतं, आणि एकाच टेबलावर बिनअंड्याचा शाकाहार अधिक दाण्यांची ॲलर्जी म्हणजे स्वयंपाकघराला तीन समांतर जेवणं करावी लागतात. दोन-अडीच तास बसावं लागतं ते वेगळंच. सुटं मागवा.

पाटावरवंटा

तिखटाचं कुणी बोललं नाही अजून. नाशिकची माणसं म्हणून सांगते: वाळलेल्या आंचो, पासिया, ग्वाहियो यांचा रंग गडद असला तरी तिखटपणा बेताचा, त्यांचं काम चव देणं. तिखट हवं असेल तर आर्बोल किंवा हाबानेरोची साल्सा वेगळ्या वाटीत मागवा. हाबानेरो नारिंगी, सुगंध फळासारखा, म्हणून पहिला चमचा लोक मोठा घेतात. टाचणीच्या टोकाएवढी घेऊन बघायला सांगा. आणि पोब्लानो मिरची साधारणपणे सौम्य असली तरी अधूनमधून एखादी झणझणीत निघते, त्यात स्वयंपाक्याचा दोष नसतो.

निवडुंग

टॉर्टियाबद्दल दोन शब्द, कारण अशा ठिकाणी पैसे कशाचे देतो ते तिथेच कळतं.

आपल्याकडे मक्याची भाकरी थापताना कडा फुटतात, कारण मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. पानाला लावतात तोच चुना, पण खाण्यासाठी शुद्ध केलेला. एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण 10 ग्रॅम चुना आणि मका बुडून वर राहील इतकं पाणी. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळायचं आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचं. सकाळी दाण्याची साल बोटांनी चोळली की निसटते. मग धुऊन दगडी जात्यावर ओलंच दळायचं. चुन्यामुळे सालीतला डिंकासारखा भाग सुटतो आणि पीठ लवचीक होतं, शिवाय मक्यात अडकलेलं नायासिन हे ब जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. चुना जास्त झाला किंवा धुणं कमी पडलं तर टॉर्टिया पिवळी पडते आणि साबणासारखी कडवट लागते.

चांगली टॉर्टिया कशी ओळखायची? टेबलावर टोपली आली की वरचं फडकं उघडून आधी वास घ्या, उकडलेल्या कणसाचा वास आला पाहिजे. एक उचलून मधोमध दुमडा. घडीवर चीर पडली नाही, पृष्ठभागावर तपकिरी ठिपके आहेत आणि एक बाजू पातळ पापुद्र्यासारखी सुटलेली दिसते, म्हणजे तव्यावर ती फुगलेली होती. फुगली नसेल तर पीठ कोरडं होतं, दळण जाडं होतं किंवा तवा पुरेसा तापला नव्हता. घडी तुटली आणि वास कागदासारखा आला, तर आधीच्या फेरीतली टॉर्टिया परत गरम करून दिलीय. "ताजी मिळेल का" असं विचारायला काहीच हरकत नाही.

टॉर्टिया निवली की पाच-सात मिनिटांत ताठ होते. सहा जणांसाठी एकदम दोन टोपल्या मागवू नका. एक सुरुवातीला, दुसरी मुख्य पदार्थांबरोबर.

हिशेबनीस

मागवण्याचं आणि बिलाचं मी सांगतो.

सहा जणांत तीन सुरुवातीचे पदार्थ, चार मुख्य आणि दोन बाजूच्या भाज्या किंवा घेवडे पुरतात. मेक्सिकन जेवण मधे ठेवून वाटून खायचंच आहे. पण तुमच्या बाबतीत वाटणी दोन गटांत: आई-बाबांचे पदार्थ वेगळ्या ताटल्यांत आणि प्रत्येकीत स्वतंत्र चमचा. वाढणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा की सगळं एकदम आणू नका, आधी छोटे पदार्थ, मग थांबा. न सांगितल्यास सहा ताटल्या एकदम येतात आणि शेवटच्या दोन गार खाव्या लागतात. चिप्स-साल्सा आली तर तिच्यावर तुटून पडू नका, पोट तिथेच भरतं.

पेयांत आई-बाबांसाठी आग्वा दे हमाइका. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आंबट आणि गार, गोड कमी करून मिळतं. जेवणानंतर काफे दे ओया: दालचिनी आणि पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळ घालून उकळलेली कॉफी. वाहाकाचं गरम चॉकलेट पाण्यातलं आणि दुधातलं अशा दोन तऱ्हांनी पितात. पाण्यातलं घेतलं तर कोकोची चव स्वच्छ लागते.

मोठ्यांपैकी कुणी मेस्कल, म्हणजे अगावे या घायपातासारख्या झाडाची दारू, घेणार असेल तर तीन गोष्टी. मेस्कल एका घोटात ढकलायचं नसतं, जिभेवर थेंब-थेंब घ्यायचं. बहुतेक बाटल्या 45 टक्क्यांच्या आसपास असतात. बरोबर संत्र्याच्या फोडी आणि तांबूस मीठ येतं, त्या मिठात वाळवून वाटलेली अगावेवरची अळी असते, ते आई-बाबांच्या फोडींना लावू नका. आणि पेचुगा नावाचा प्रकार शाकाहारी माणसाने घेऊ नये, कारण तो गाळताना भट्टीत कोंबडी किंवा टर्कीच्या छातीचा तुकडा टांगतात. मिचेलादा या बिअरच्या पेयात वूस्टरशर सॉस असतो, त्यात अँचोव्ही. साधी मार्गारिता (टकिला आणि लिंबाचं कॉकटेल) बिनधोक, फक्त कडेला कुठलं मीठ लावलंय तेवढं बघा.

बिल: ह्यूस्टनमध्ये विक्रीकर 8.25 टक्के. समजा खाणं-पिणं 300 डॉलरचं झालं, तर कर 24.75. टिप कराच्या आधीच्या रकमेवर धरायची, अशा ठिकाणी 20 टक्के म्हणजे 60. एकूण 384.75. मात्र सहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की बरीच रेस्टॉरंटं टिप आपणहून बिलात धरतात. "ग्रॅच्युइटी" किंवा "सर्व्हिस चार्ज" अशी ओळ असेल तर खालची टिपची जागा रिकामी सोडली तरी चालते. घाईत सही करताना दोनदा टिप देणं हे मोठ्या टेबलांवर सर्रास होतं, म्हणून आधी सगळ्या ओळी वाचा. मॅनेजर आणि वाढणारा ॲलर्जीसाठी खरोखर राबले असतील तर वर 15-20 डॉलर द्यावेत असं मला वाटतं.

आणखी एक: ऑगस्टपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) ह्यूस्टन रेस्टॉरंट वीक्स असतात. ठरावीक किमतीत तीन पदार्थ मिळतात आणि त्यातला काही वाटा ह्यूस्टन फूड बँकेला जातो. उपक्रम उत्तम आहे, पण त्या काळात मेनू आखूड आणि स्वयंपाकघर तुडुंब, खास विनंत्यांना जागा कमी. तुमची तारीख त्यात पडत असेल तर नेहमीचा मेनूही मिळेल ना, ते फोनवरच विचारा.

केटीकर

सगळ्यांचे किती आभार मानू! उद्या दुपारी अडीचला फोन करते. आधी शेंगदाणे, मग लार्ड-रस्सा-अंडं-मासा, मग टेबल. शेवटचं एक: केक आम्ही बाहेरून नेला तर चालतो का? बिनअंड्याचा हवाय.

हिशेबनीस

बरीच चांगली ठिकाणं नेऊ देतात, पण कापून वाढण्याचे माणशी पैसे लावतात. त्याच फोनमध्ये दर विचारून घ्या. केक सुरुवातीलाच त्यांच्या फ्रिजमध्ये द्या, डब्यावर तुमचं नाव आणि टेबलाची वेळ लिहून. मेणबत्त्या आणि काडेपेटी तुमची न्या.

पाटावरवंटा

आणि केक ह्यूस्टनमधल्या देशी दुकानांच्या हिलक्रॉफ्ट भागातल्या एखाद्या देशी बेकरीतून घेणार असाल तर तिथेही तोच प्रश्न विचारा. देशी मिठाईच्या दुकानात शेंगदाण्याची चिक्की आणि केकचं क्रीम एकाच टेबलावर होत असतं. खात्री मिळत नसेल तर दही आणि तेल घालून केलेला साधा व्हॅनिला केक घरीच भाजा. 8 इंची टिनाला दीड कप मैदा, पाऊण कप साखर, एक कप दही, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चमचाभर व्हॅनिला. दह्यात साखर विरघळवून पावडर आणि सोडा घाला, पाच मिनिटांत ते फेसाळतं. मग तेल, व्हॅनिला आणि शेवटी चाळलेला मैदा. जास्त घोटू नका, घट्ट होतो. 350 फॅरनहाइटला 30 ते 35 मिनिटं. तेल मात्र शेंगदाण्याचं नको, कनोला किंवा सूर्यफुलाचं.